नासरेथ ते कफर्णहूम: गालीलची पायवाट

येशूची भूमी पायी पाहायची असेल, तर इस्रायलमधली ‘जीझस ट्रेल’ नक्की करा! साधारण 65 किलोमीटरची ही वाट नासरेथहून निघते आणि काना गाव, ऑलिव्हच्या बागा, अर्बेलचे कडे ओलांडत गालीलच्या सरोवराकाठी कफर्णहूमला पोहोचते. फेब्रुवारी-मार्चमध्ये टेकड्या रानफुलांनी लाल होतात.

🔸 गालील: गोड्या पाण्याचं सरोवर, समुद्रसपाटीपेक्षा सुमारे 210 मीटर खाली.
🔸 गिनोसार: 1986 च्या दुष्काळात सापडलेली, सुमारे 2000 वर्षं जुनी मासेमारी नाव.
🔸 कफर्णहूम: काळ्या बेसॉल्टच्या पायावर पांढऱ्या चुनखडीचं सिनेगॉग.

स्थानिक वाटाड्या जरूर घ्या. दगडांचे थर, त्यांचा काळ आणि बायबलमधले प्रसंग तो जागेवरच उलगडून सांगतो. पाणी भरपूर ठेवा आणि निघण्याआधी तिथल्या सुरक्षेची स्थिती तपासा.