पा चरक : जावा लिपीतला कामकरी ऋ

मराठी वर्णमालेत ‘ऋ’ला ऋतू, ऋण, ऋषी असे थोडे तत्सम शब्द तरी लाभले. ‘ऌ’च्या वाट्याला मात्र ‘क्लृप्ती’खेरीज जवळपास काहीच नाही. याच दोन अक्षरांचे वंशज इंडोनेशियातल्या जावा बेटावर अजून कामावर आहेत. तिथे त्यांना ‘पा चरक’ आणि ‘ङा ललत’ म्हणतात. बाजारातला भाव, दिव्यातलं तेल, पायाखालची माती, आठवड्यातला बुधवार हे शब्द त्यांच्यावाचून जावा लिपीत लिहिता येत नाहीत.

जावाची लिपी आपल्याच घराण्यातली. दक्षिण भारतातल्या पल्लव लिपीतून कवी लिपी घडली आणि कवीतून आजची जावा लिपी. इ.स. 804चा सुकबुमी शिलालेख हा जावा भाषेतला सर्वांत जुना दिनांकित लेख मानला जातो. म्हणजे ही भाषा बाराशे वर्षांहून अधिक काळ भारतीय वळणाच्या अक्षरांत लिहिली जाते आहे.

या भाषेत मराठी ‘अ’सारखा एक ऱ्हस्व, मध्यम स्वर पदोपदी येतो. जावातल्या व्यंजनात अंगचा स्वर ‘आ’ किंवा ‘ऑ’ असा मोकळा असतो, म्हणून या मिटल्या स्वरासाठी वेगळी खूण लागली. तीच अक्षराच्या डोक्यावरची गोल खूण ‘पपत’. भारतातून आलेल्या खुणांत ती नव्हती. जावाने ती आपल्या गरजेपोटी जोडली.

‘ऋ’ची गोष्ट निराळी. मराठी माणूस त्याचा उच्चार ‘रु’ करतो, हिंदी माणूस ‘रि’. जावाच्या कानाला तो ‘र’ ऐकू आला, अगदी आपण ‘रस’मध्ये म्हणतो तसा. ‘ऌ’ तसाच ‘ल’ झाला. हे ध्वनी त्यांच्या बोलीत मुबलक होते, त्यामुळे संस्कृत शब्दांबरोबर आलेली अक्षरं घरच्या शब्दांनाही मिळाली. ‘रसी’ म्हणजे ऋषी पा चरकने लिहितात, तसाच ‘रगॉ’ म्हणजे किंमत आणि अरबीतून आलेला ‘रबो’ म्हणजे बुधवारही. ‘लङॉ’ म्हणजे तेल आणि ‘लमाह’ म्हणजे जमीन यांना ङा ललत. जावात सात वारांच्या जोडीने पाच दिवसांचं चक्रही चालतं. दर 35 दिवसांनी येणाऱ्या ‘रबो लगी’ या दिवसाच्या नावात तर दोन्ही अक्षरं येतात.

शुद्धलेखनाचा नियम इथे कडक आहे. ‘रा’वर पपत चढवून हा उच्चार दाखवता आला असता, पण ते लेखन चूक ठरतं. तिथे पा चरकच हवं. ‘ला’वर पपत द्यायची वेळ आली की ङा ललत. म्हणूनच या जोडीला ‘आकसारा गान्तेन’, म्हणजे बदली अक्षरं, म्हणतात. स्वर त्यांच्या पोटातच असल्याने त्यांना दुसरी स्वरखूण लागत नाही. अक्षराअखेरच्या ‘ङ’, ‘र’, ‘ह’ यांच्या खुणा मात्र लागतात. जावाची मुलं ‘हा ना चा रा का’ अशी वीस अक्षरांची माळ घोकतात. तिच्यात हे दोघे नाहीत, तरी त्यांच्यावाचून शुद्ध लिहिणं अशक्य.

व्यंजनाला जोडून पा चरकचा ध्वनी आला, की अक्षराखाली ‘चाक्रा करत’ नावाची खूण येते. ती आपल्या ‘कृ’खालच्या खुणेची वंशज. छायानाट्यातला कृष्ण म्हणजे ‘क्रस्नॉ’ तिने लिहितात, आणि ‘क्रतग’ म्हणजे साधा पूलही तिनेच.

1926मध्ये सुरकर्ता शहरातल्या श्रीवेदारी या ठिकाणी या लिपीचं शुद्धलेखन एका चौकटीत बसवलं गेलं. प्रत्यय लागताना व्यंजन दुप्पट लिहिण्याची जुनी रीत आवरती घेतली गेली. पा चरक आणि ङा ललत मात्र टिकले. पुढे रोजच्या व्यवहारात रोमन अक्षरं आली, आणि तिथे एकाच ‘ई’ या अक्षरावर अनेक स्वरांचा भार पडला. रोमनमध्ये एकसारखे लिहिलेले ‘गेगेर’ म्हणजे गलबला आणि ‘गगर’ म्हणजे पाठ, हे वाचकाने संदर्भाने ओळखायचे. जावा लिपीत हा संभ्रम उरतच नाही.

2009मध्ये युनिकोडने जावा लिपीला जागा दिली, तेव्हा पा चरक आणि ङा ललत यांनाही स्वतंत्र क्रमांक मिळाले, तेही स्वरांच्या रांगेत, म्हणजे मूळ कुळात. 2021मध्ये योग्यकर्ता इथे या लिपीसाठी पहिली परिषद भरली. त्या शहरात रस्त्यांच्या पाट्यांवरही ही लिपी दिसते.

शुद्धलेखनाच्या नियमाला आपण अनेकदा जाच समजतो. पा चरकच्या बाबतीत नियमानेच अक्षराला जीवदान दिलं. सोपा पर्याय खुला असता, तर ही दोन अक्षरं केव्हाच पोथ्यांत जाऊन बसली असती. वर्णमालेत नाव असल्याने अक्षर जगत नाही. तेल, माती आणि बुधवार लिहायला ते लागावं लागतं.