वाचन आणि परीक्षा (भाग 6) : शब्दार्थाचे प्रश्न

इयत्ता पाचवीत शिकणाऱ्या मुलांसाठी होणाऱ्या जवाहर नवोदय विद्यालय निवड चाचणीत एकूण 80 प्रश्न आणि 100 गुण असतात. त्यांपैकी भाषा विभागाच्या वाट्याला 20 प्रश्न व 25 गुण येतात, आणि चार उतारे व प्रत्येक उताऱ्याखाली पाच प्रश्न अशी त्या विभागाची मांडणी असते. उताऱ्यात सरळ सापडणाऱ्या माहितीवरील प्रश्नांचा विचार मागील भागात झाला. शब्दार्थाचे प्रश्न, म्हणजे उताऱ्यातील एखाद्या शब्दाचा समानार्थी किंवा विरुद्धार्थी शब्द विचारणारे प्रश्न, दिसायला त्याहून सोपे असतात. मात्र ज्या मुलाने शब्दांच्या याद्या मन लावून पाठ केल्या आहेत तेच येथे अनेकदा अडखळते, आणि त्याचे कारण प्रश्नाच्या रचनेतच आहे.

नवोदय योजनेचा आरंभ 1985-86 मध्ये हरियाणातील झज्जर आणि महाराष्ट्रातील अमरावती येथील दोन विद्यालयांनी झाला. नांदेड जिल्ह्याचे विद्यालय बिलोली तालुक्यातील शंकरनगर येथे, तर लातूर जिल्ह्याचे लातूर येथे आहे. प्रत्येक जिल्ह्यातील किमान 75 टक्के जागा ग्रामीण भागातील मुलांसाठी असल्यामुळे या परीक्षेकडे खेड्यापाड्यांतील पालक मोठ्या आशेने पाहतात. बारावी आणि वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीसाठी राज्यभर नावाजलेल्या ‘लातूर पॅटर्न’चे मर्म नियमित सरावात व वारंवार घेतल्या जाणाऱ्या चाचण्यांत होते, आणि त्या शिस्तीची छाया आता पाचवीच्या वर्गापर्यंत पोहोचली आहे. सरावाची शिस्त चांगलीच. परंतु भाषेच्या बाबतीत तिचे रूपांतर जेव्हा समानार्थी शब्दांच्या घोकंपट्टीत होते, तेव्हा मुलाला शब्द येतो आणि वाक्य मात्र हातचे सुटते.

परीक्षेत विचारला जातो तो शब्दाचा संदर्भार्थ, म्हणजे त्या विशिष्ट वाक्यात त्या शब्दाला आलेला अर्थ. ‘पात्र’ या शब्दाचे भांडे, लायक, नाटकातील व्यक्ती आणि नदीच्या प्रवाहाची जागा असे चार अर्थ मराठीत रूढ आहेत. ‘विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडताच गोदावरीचे पात्र दुथडी भरून वाहू लागले’ या वाक्याखाली हे चारही अर्थ पर्याय म्हणून दिले गेले, तर त्यांतील एकही पर्याय कोशाच्या दृष्टीने चुकीचा नसतो, आणि तरीही उत्तर एकच असते. यादीत ‘पात्र म्हणजे भांडे’ एवढेच पाठ केलेल्या मुलाला पहिलाच पर्याय ओळखीचा वाटतो आणि ते पुढचे पर्याय न वाचताच वर्तुळ रंगवून मोकळे होते.

यावरचा उपाय एका लहान उताऱ्यावर तपासून पाहता येईल. ‘2016 च्या उन्हाळ्यात लातूर शहराला पाणी पुरवणारे मांजरा धरण कोरडे पडले. एप्रिल महिन्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणण्यास सुरुवात झाली. एवढ्या मोठ्या शहरासाठी ही तजवीज तोकडी होती, तरी तिने लोकांना धीर दिला.’ येथे ‘तोकडी’ या शब्दाचा अर्थ विचारला असून आखूड, अपुरी, तातडीची आणि खर्चिक असे पर्याय आहेत, असे समजावे. पहिली पायरी अशी की, पर्यायांवर हात ठेवून वाक्य वाचावे आणि त्या शब्दाच्या जागी स्वतःच्या बोलण्यातला शब्द घालून पाहावा. बहुतेक मुले येथे ‘कमी’ किंवा ‘पुरेशी नाही’ असे म्हणतील. त्यानंतरच पर्याय पाहावेत, म्हणजे मूल पर्यायांच्या मागे फरफटत जात नाही. दुसरी पायरी जोडशब्दांची, म्हणजे तरी, परंतु, म्हणून, कारण अशा, वाक्याचे दोन भाग सांधणाऱ्या शब्दांची. ‘तरी’ हा शब्द सांगतो की, धीर देण्याच्या विरुद्ध जाणारी एखादी उणीव आधीच्या भागात आहे. ‘तातडीची’ ही उणीव नव्हे, त्यामुळे तो पर्याय गळतो. ‘खर्चिक’ ही उणीव असली तरी ‘एवढ्या मोठ्या शहरासाठी’ हे शब्द खर्चाकडे नव्हे, तर गरजेच्या आकाराकडे बोट दाखवतात. उरलेल्या दोहोंपैकी ‘आखूड’ हा कोशातला पहिला अर्थ आहे, पण ‘ही तजवीज आखूड होती’ असे मराठीत कोणी म्हणत नाही. निवडलेला पर्याय मूळ वाक्यात बसवून ते पुन्हा वाचणे ही तिसरी पायरी, आणि हीच सर्वाधिक वेळा गाळली जाते.

विरुद्धार्थी शब्दाच्या प्रश्नात चूक वेगळ्या जागी होते. पर्यायांत समानार्थी शब्दही पेरलेला असला, तर घाईत वाचणारे मूल तोच निवडते. म्हणून प्रश्नातील ‘विरुद्धार्थी’ या शब्दाखाली रेघ ओढण्याची सवय लावणे आवश्यक आहे. शिवाय विरुद्धार्थही संदर्भानेच ठरतो. ‘हलका’ याच्या उलट ‘जड’ हे ओझ्याच्या बाबतीत खरे, रंगाच्या बाबतीत ‘गडद’ आणि जमिनीच्या बाबतीत ‘भारी’. निलंगा किंवा कंधार तालुक्यातील शेतकऱ्याच्या मुलाने हलकी आणि भारी जमीन हा भेद घरी पेरणीच्या बोलण्यात कितीदा तरी ऐकलेला असतो. त्याच्याजवळचा हा शब्दसंग्रह कोणत्याही मार्गदर्शकापेक्षा मोलाचा आहे, आणि तो परीक्षेत चालतो हे त्याला शिक्षकांनी सांगितले पाहिजे.

अनोळखी शब्द समोर आला, तर उपसर्गाचा, म्हणजे मूळ शब्दाच्या आधी जोडल्या जाणाऱ्या अक्षरांचा आधार घेता येतो. निर्जल, दुष्काळ, सुपीक या शब्दांत तो स्पष्ट दिसतो. पण हा आधार जपून वापरावा लागतो. ‘अवर्षण’ आणि ‘अवकाळी’ हे शब्द सारखेच सुरू होतात. पहिल्यात ‘अ’ हा नकार असून पाऊस नसणे असा अर्थ होतो, तर दुसऱ्यात ‘अव’ असून पाऊस असतो, केवळ त्याची वेळ चुकलेली असते. कोणती फोड योग्य, हे शेवटी उताराच सांगतो.

सीमेवरील तालुक्यांचा प्रश्न स्वतंत्र विचार मागतो. देगलूर, धर्माबाद, किनवट, उदगीर या भागांत घरी तेलुगू, कन्नड, गोरमाटी किंवा उर्दू बोलणारी अनेक मुले मराठी माध्यमातून ही परीक्षा देतात. सारख्या दिसणाऱ्या शब्दांचे अर्थ भाषेगणिक बदलतात: हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण आणि ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, तर मराठीत त्यांचे अर्थ दंड आणि थट्टा. ‘गुरुजींनी शिक्षा केली’ हे वाक्य चुकीचे वाचणारे मूल बुद्धीने कमी नसते. त्याच्या कानावर दुसरा अर्थ आधी पडलेला असतो. अशा शब्दांची छोटी वही वर्गातच तयार केली आणि प्रत्येक शब्द वाक्यासह लिहिला, तर हा घोटाळा पुष्कळ कमी होतो.

वेळेचे गणित सरळ आहे. भाषा विभागासाठी सुमारे 30 मिनिटे धरलेली असल्याने एका उताऱ्याला सात-साडेसात मिनिटे मिळतात. शब्दार्थाच्या प्रश्नासाठी संपूर्ण उतारा पुन्हा वाचण्याची गरज नसून तो शब्द असलेले वाक्य आणि त्याच्या आगेमागचे एकेक वाक्य पुरते. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, त्यामुळे दोन पर्याय बाद करून उरलेल्यांतून एक निवडावा आणि प्रश्न कोरा सोडू नये. पुढे ‘नीट’सारख्या परीक्षेत मात्र चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो, हे मोठ्या भावंडांकडून सल्ला घेणाऱ्या मुलांनी लक्षात ठेवावे.

पालकांनी आणि शिक्षकांनी या आठवड्यात एवढे करून पाहावे: रोजच्या वर्तमानपत्रातील एक परिच्छेद घेऊन त्यातील तीन शब्दांच्या जागी मुलाला स्वतःचे शब्द घालायला सांगावेत आणि प्रत्येक वेळी ‘हे कशावरून?’ असे विचारावे. उताऱ्याला शीर्षक देण्याचे प्रश्न पुढील भागात घेतले जातील.