तेल मारलंय की, तरी कुरकुरतंय!

"तेल मारलंय की ओ, तरी कुरकुरतंय." घरात रोइंग मशीन घेतलेल्या बेळगावकरांच्या तोंडून हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता मी मशीन न बघताच विचारतो, "कुठं मारलंय?" उत्तर ठरलेलं असतं. "रुळावर. सीट सरकते त्या लांब पट्टीवर." निपाणीकडं फोन लावला तरी हेच. फरक इतकाच की तिकडं तेलाच्या जागी ग्रीस असतं.

हा समज आला कुठून ते उघड आहे. उद्यमबागेतल्या फाउंड्र्या आणि लेथ, वडगाव-शहापूर-खासबागचे यंत्रमाग, शेतावरचा इंजिन-पंप अशा यंत्रांत वाढलेला हा मुलूख. यंत्र म्हटलं की तेलाची बुधली आलीच. सीट पुढं-मागं सरकते आणि आवाज करते, मग तिथंच तेल घालायचं, असा सरळ हिशेब. पण तुमच्या गल्लीतला मागवालाच विचारा. कापसाचा भुगा साचलेल्या भागावर तो थेट तेल सोडत नाही, आधी फडक्यानं पुसून काढतो. भुगा आणि तेल एकत्र आलं की काय होतं हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. तोच माणूस घरातल्या व्यायामाच्या मशीनवर मात्र बिनधास्त तेलाची धार धरतो, याचं मला कोडं आहे.

आता हा रूळ कसा असतो ते बघा. साखळी आणि पंखा असलेल्या, हवेच्या रोधावर चालणाऱ्या मशीनमध्ये (अमेरिकेतल्या कन्सेप्ट टू कंपनीनं १९८१ साली आणलेला नमुना सगळ्यात माहितीचा) रूळ अ‍ॅल्युमिनियमचा असतो आणि त्यावर स्टेनलेस स्टीलची पट्टी बसवलेली असते. सीटखाली छोटी चाकं असतात आणि चाकांच्या पोटात बेअरिंग. चाक रुळावर घसरत नाही, ते फिरतं. वंगण लागतं ते दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासतात तिथं. इथं ती जागा बेअरिंगच्या आत आहे आणि तिथलं वंगण कारखान्यातूनच भरून, बंद करून येतं. रुळावर तेल घातलं तर उलटंच घडतं. चाकाची पकड सुटते, ते फिरायचं सोडून मधूनमधून घसटत जातं आणि एका बाजूनं चपटं व्हायला लागतं. मग दर फेरीला 'टक टक' असा नवा आवाज सुरू होतो. त्यावर उपाय म्हणून पुन्हा तेल!

आणि धूळ. खानापूरकडची तांबडी माती, निपाणीकडची काळी, तंबाखूच्या वखारींच्या आसपास उडणारी भुकटी, उसाचं पाचट पेटवल्यावर हवेत तरंगणारी काजळी, असं बरंच काही आपल्या खिडक्यांतून आत येतं. कोरड्या रुळावर पडलेली धूळ एका पुसण्यात जाते. तेलकट रुळावरची जात नाही. मातीतले वाळूचे बारीक कण पोलादाहून कठीण असतात. ते तेलात कालवले गेले की तयार होणारा लगदा म्हणजे व्हॉल्व्ह घासायला गॅरेजवाले वापरतात त्या पेस्टचाच घरगुती अवतार. दर फेरीला तुमचं सगळं वजन त्यावरून जातं. चाक झिजतं आणि रुळावर काळे पट्टे उमटतात. मालक म्हणतो, "बघा, गंज चढला." गंज नाही हो तो! चाकाचा झिजलेला भुगा आणि मळ आहे.

करायचं एवढंच: व्यायाम झाला की जुन्या बनियनच्या मऊ फडक्यानं रूळ पुसायचा. मळ चिकटला असेल तर काच पुसायचं द्रावण फडक्यावर घ्यायचं, मशीनवर फवारायचं नाही. सीट वर करून चाकंही एकेक फिरवत पुसायची. आठवडाभर हे केलं की बहुतेक कुरकुर थांबते. तरीही आवाज आला तर चाक बोटानं फिरवून बघा. अडखळत किंवा खरखरत फिरत असेल तर त्याचं बेअरिंग गेलंय. ते चाक बदलायचं. बाहेरून तेल पाजून बेअरिंग जिवंत होत नाही.

तारेच्या घासणीचा वेगळा राग आहे. काळे पट्टे निघत नाहीत म्हणून ती घेऊन बसणारे लोक आहेत, वर भांडी घासायची पावडर. साध्या लोखंडी तारेचे सूक्ष्म कण स्टेनलेसच्या पट्टीत रुतून बसतात आणि पहिल्याच पावसात त्या कणांना गंज चढतो. मग ऐकू येतं, "स्टेनलेस म्हणून फसवलं ओ." पट्टी स्टेनलेसच आहे, गंजतंय ते तुमच्या घासणीचं लोखंड.

मग तेल कुठंच नको का? हवं, पण साखळीला. त्यातही कुठलं आणि किती यावर घराघरात वाद आहेत, म्हणून कंपनीच्या पुस्तिकेचाच आधार घेतो. कन्सेप्ट टूची पुस्तिका दर ५० तासांच्या वापरानंतर साखळीला तेल द्यायला सांगते, तेही शुद्ध खनिज तेल, २०डब्ल्यू इंजिन ऑइल किंवा थ्री-इन-वन. रोज अर्धा तास आणि रविवारची सुट्टी धरली तर आठवड्याचे ३ तास होतात, म्हणजे ५० तास भरायला चार महिने लागतात. वर्षातून तीनदा, बस्स. दर रविवारी मशीनला अभ्यंगस्नान घालायची गरज नाही. चमचाभर तेल कागदावर किंवा फडक्यावर घ्यायचं, साखळी ओढून धरून त्यातून फिरवायची आणि वरचं तेल पुसून टाकायचं. हे शेवटचं पुसणं नेमकं विसरलं जातं. साखळीला तेल हवं ते कड्यांच्या सांध्यांत. बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ ओढतं.

थ्री-इन-वन मिळालं नाही म्हणून अडून बसू नका. शिलाई मशीनचं तेल हेही पातळ खनिज तेलच आहे, गणपत गल्लीत सहज मिळेल. खोबरेल मात्र नको. ते २४ अंशांच्या खाली थिजतं आणि बेळगावात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा १५च्या आसपास असतो. म्हणजे व्यायामाच्या वेळी नेमकं साखळीत मेण. करडई-सूर्यफुलाचं तेल त्याहून वाईट. ही तेलं हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू चिकट होतात. फोडणीच्या डब्यामागच्या फरशीवर बसलेला तो हट्टी पिवळा थर आठवा.

आणि तो निळा-पिवळा डबा. डब्ल्यूडी-४० म्हणजे सर्व रोगांवर एकच औषध, असं मानणारा मोठा पंथ आपल्याकडं आहे. १९५३ साली सॅन डिएगोतल्या एका छोट्या कंपनीनं ते तयार केलं ते अ‍ॅटलस क्षेपणास्त्राचं बाहेरचं आवरण गंजू नये म्हणून. डब्ल्यू आणि डी ही पाणी हटवण्यासाठीच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं, आणि ४० म्हणजे चाळिसावा प्रयोग. अडकलेला नटबोल्ट सोडवायला, ओलावा हाकलायला उत्तमच. त्यात थोडं वंगणही आहे, पण मोठा भाग उडून जाणाऱ्या द्रावकाचा. साखळीवर मारलं की सांध्यांतलं जुनं तेल विरघळून बाहेर येतं, आवाज लगेच थांबतो आणि मालक खूश होतो. काही दिवसांनी साखळी कोरडी पडते आणि पहिल्यापेक्षा जास्त ओरडते. साखळीला हे वापरू नका असं पुस्तिकेत नाव घेऊन लिहिलंय. पुस्तिका वाचणं आपल्याला कमीपणाचं वाटतं, त्याला काय करणार!

आता पावसाळा. "बेळगावच्या पावसात लोखंड टिकत नाही, म्हणून तेल," हा युक्तिवाद तेलपंथीयांचं शेवटचं अस्त्र. हवा दमट असते हे खरं. पण घरात, छपराखाली ठेवलेल्या मशीनचा खरा शत्रू पाऊस नाही, तुमचा घाम आहे. घामात मीठ असतं. मिठाचा गुण असा की हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. जून ते सप्टेंबर आपल्याकडं आर्द्रता कितीतरी वेळ याच्या वर असते. म्हणजे सुकलेल्या घामाचा डाग रात्रभर पुन्हा ओला होतो आणि खारं पाणी स्क्रूच्या डोक्यावर, साखळी हँडलला जोडणाऱ्या कडीवर, पायपट्ट्यांच्या बकलवर बसून राहतं. गंज तिथूनच सुरू होतो. त्या मिठावरून तेल फिरवलं तर मीठ तेलाखाली तसंच राहतं. आधी पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्यानं मीठ पुसायचं, मग कोरड्या फडक्यानं. मशीन भिंतीला चिकटवून ठेवू नका, खास करून पश्चिमेच्या ओल धरणाऱ्या भिंतीला. आणि कृपा करून ते प्लॅस्टिक काढा. गवताच्या गंजीवर टाकायचा कागद मशीनवर पांघरून कडेनं दोरी आवळलेली मी पाहिलीय. आतला दमटपणा आतच कोंडतो. जुनी सुती चादर पुरे.

पंख्याच्या जाळीतली धूळ हा अर्धाच गैरसमज. "धूळ साचली की कॅलरी चुकीच्या दाखवतं," असं म्हणतात, ते खरं नाही. मॉनिटर प्रत्येक ओढीनंतर पंख्याचं चाक किती वेगानं मंदावतंय ते मोजतो आणि त्यावरून हवेचा रोध नव्यानं ठरवतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच आहे, त्यामुळं इथली हवा गोव्यापेक्षा सुमारे ७ टक्के विरळ. पंख्याची हवा कमी-जास्त करणारा खटका त्याच आकड्यावर ठेवला तरी मशीन इथं पणजीपेक्षा जरा हलकं लागेल, आकडे मात्र दोन्हीकडं बरोबरच येतील. धुळीनं हवेची वाट अडते आणि ओढ हलकी होते, हे खरं. मग लोक खटका १० वर नेऊन ठेवतात आणि "आता दम लागतोय" म्हणून समाधान मानतात. खटका म्हणजे सायकलचा गिअर, व्यायामाची पातळी नव्हे. जाळी बाहेरून व्हॅक्यूमनं ओढून घ्या. यंत्रमागांच्या वस्तीत राहत असाल तर जरा लवकर लवकर. आतली सफाई पुस्तिकेप्रमाणं २५० तासांनी.

बाकीचे समज थोडक्यात उरकतो. चुंबकी मशीनमधला 'मॅग्नेट संपत' नाही. ओढ कमी झाली तर चुंबक पुढं-मागं करणारी तार सैल झालीय का ते आधी बघा. त्या मशीनमध्ये साखळीऐवजी पट्टा असतो, त्याला तेलाचा थेंबही लावायचा नाही, तो घसरायला लागेल. हायड्रॉलिक दांड्याचं मशीन वीसेक मिनिटांनी हलकं लागतं तो बिघाड नव्हे. आतलं तेल तापून पातळ होतं, हे उद्यमबागेतला कुणीही सांगेल. पाण्याच्या टाकीच्या मशीनमध्ये हिरवट शेवाळ धरलं म्हणून ब्लिचिंग पावडर, डेटॉल किंवा मोरचूद टाकू नये. कंपनी देते तीच गोळी सहा महिन्यांनी टाकायची आणि टाकी उन्हाच्या तिरिपेतून हलवायची. हँडलला रोज सॅनिटायझर नको, साबणाचं पाणी पुरतं.

व्यायाम संपल्यावर हँडल हुकात अडकवून ठेवणं ही शिस्त नव्हे. त्यानं आतली रबरी दोरी चोवीस तास ताणलेली राहते आणि लवकर सैल पडते. हँडल पुढं, साखळी जिथून बाहेर येते तिथपर्यंत सोडून द्या. आणि मे महिन्यात सगळं घर गावाला, लग्नाकार्याला जाणार असेल तर मॉनिटरमधले सेल काढून ठेवा. फुटलेल्या सेलचं पाणी पत्र्याच्या टोकांना खातं, आणि मग जुलैत पुन्हा फोन येतो, "डिस्प्ले लागेना झालाय ओ, थोडं तेल मारून बघू का?"