चित्रमालिकेची पाठपरंपरा : ‘ड्रॅगन बॉल’च्या व्हिडिओ-आवृत्त्या आणि ‘माझा प्रवास’

१

ग्रंथाला पाठ असतो, प्रयोगाला नसतो, अशी आपल्याकडे एक जुनी समजूत आहे. कीर्तन, तमाशा किंवा नाटक यांचा प्रयोग संपला की तो प्रेक्षकांच्या स्मरणात तेवढा उरतो. त्याची संहिता छापता येते. प्रयोग छापता येत नाही. दूरचित्रवाणीवरील मालिका आरंभी याच जातीची होती. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी ती दिसे आणि नाहीशी होई. व्हिडिओ कॅसेट, आणि पुढे डीव्हीडी, घरात आली तेव्हा या स्थितीत पालट झाला. पाहिलेले पुन्हा पाहता येऊ लागले, थांबवून न्याहाळता येऊ लागले, दुसऱ्या प्रतीशी ताडून पाहता येऊ लागले. म्हणजेच प्रयोगाला ग्रंथाचे गुणधर्म प्राप्त झाले. आणि त्याबरोबर ग्रंथाला चिकटलेले पाठभेद, प्रक्षेप व संपादकांचे हस्तक्षेप हेही त्याच्या वाट्याला आले.

हा प्रश्न ‘ड्रॅगन बॉल’ या जपानी युद्धकलाप्रधान चित्रमालिकेच्या घरगुती आवृत्त्यांच्या आधारे मांडावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. भारतीय साहित्याच्या अभ्यासकांना हा विषय दूरचा वाटेल. परंतु त्याची मुळे आपल्या भूमीपर्यंत येऊन पोहोचतात, आणि त्याने उभा केलेला प्रश्न मराठीने झाशीच्याच संदर्भात एकदा अनुभवलेला आहे.

२

अकिरा तोरियामा (१९५५–२०२४) यांची ‘ड्रॅगन बॉल’ ही चित्रकथा १९८४ ते १९९५ या काळात एका जपानी साप्ताहिकात क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्यावरून तोएई ॲनिमेशन या संस्थेने केलेली पहिली मालिका १९८६ ते १९८९ या काळात १५३ भागांत, आणि ‘ड्रॅगन बॉल झेड’ ही दुसरी मालिका १९८९ ते १९९६ या काळात २९१ भागांत प्रसारित झाली. गुरूच्या आश्रमात राहून केलेली साधना, मल्लांच्या जाहीर स्पर्धा, पराभवानंतर पुन्हा आरंभिलेली तपश्चर्या आणि उत्तरोत्तर प्रबळ होत जाणारे प्रतिपक्षी, असा तिचा विस्तार आहे.

कथेचा आरंभ ‘पश्चिमेचा प्रवास’ या चिनी कादंबरीवर आधारलेला आहे. शंभर प्रकरणांच्या या कादंबरीची जुनी ज्ञात मुद्रित प्रत १५९२ ची असून तिचे कर्तृत्व परंपरेने वू छंग-अन् याला दिले जाते. नायक सोन गोकू हे नाव त्या कादंबरीतील वानरवीर सुन वू-खुंग याच्या नावाचाच जपानी उच्चार होय. गोकूची शेपटी, लांब होणारा दंड आणि वाहन म्हणून वापरलेला मेघ ही सर्व त्या वानराची लेणी आहेत. सोबतचे डुक्कर मूळ कथेतील वराहरूपी शिष्याच्या जागी येते. धर्मग्रंथांच्या शोधार्थ निघालेल्या भिक्षूची जागा मात्र सात जादूच्या गोळ्यांच्या शोधात निघालेल्या एका मुलीने घेतली आहे.

तो भिक्षू म्हणजे ह्युएन त्संग. सातव्या शतकात तो भारतात आला, आणि ६४१ च्या सुमारास दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्रातही येऊन गेला. येथील लोक अभिमानी, उपकार स्मरणारे व अपमानाचा सूड घेणारे आहेत, आणि सूड घेण्यापूर्वी ते शत्रूला सूचना देतात, अशा आशयाचे वर्णन त्याने करून ठेवले आहे. आव्हान देऊन मगच लढणारा हा वीरधर्म ‘ड्रॅगन बॉल’च्या आखाड्यातही दिसतो, अर्थात एवढ्या साम्यावरून ऋण सिद्ध होत नाही. ह्युएन त्संगाच्या वृत्तांतातील आणखी एका राज्याची ओळख कनिंगहॅमने जेजाकभुक्तीशी, म्हणजे आजच्या बुंदेलखंडाशी पटविली. झाशी जिल्ह्यातील मोठ हे तहसिलीचे गाव याच बुंदेलखंडात येते. वानरवीराचे मूळ हनुमंतात शोधावे, असे मत हू श् या चिनी पंडिताने मांडले. लू शुन याने ते नाकारून चिनी जलदैवताच्या कथेकडे बोट दाखविले. हा वाद मिटलेला नाही. तथापि बुंदेलखंड आणि महाराष्ट्र यांचे वर्णन करणारा प्रवासी ज्या कथेच्या उगमाशी आहे, ती कथा चीन, जपान व अमेरिका असा फेरा करून या शतकाच्या आरंभी भारतीय दूरचित्रवाणीवर, भारतीय मुलांसमोर आली, एवढे निश्चित.

३

ही कथा मुलांसमोर आली ती कोणत्या पाठाने, हा खरा प्रश्न आहे. जपानमध्ये ‘झेड’ मालिकेची संपूर्ण घरगुती आवृत्ती प्रसारण संपून सात वर्षे होईपर्यंत निघालीच नाही. ती २००३ मध्ये ‘ड्रॅगन बॉक्स’ या नावाने दोन मोठ्या पेट्यांतून आली. दरम्यान अमेरिकेत मालिकेला निराळेच रूप मिळाले होते. तेथील फनिमेशन या संस्थेने १९९६ मध्ये इंग्रजी रूप प्रसारित केले, तेव्हा आरंभीच्या ६७ भागांचे काटछाट करून ५३ भाग केले. लहान मुलांच्या वाहिनीला साजेसे व्हावे म्हणून मृत्यूचा उल्लेख टाळण्यात आला; मेलेला वीर ‘दुसऱ्या मितीत गेला’ असे संवाद घालण्यात आले. नरक हा शब्दही चालेना, म्हणून नरकातील राक्षसांच्या बनियनवरची अक्षरे चित्रात फेरफार करून बदलण्यात आली. शुन्सुके किकुची यांचे मूळ संगीत काढून तेथे नवे संगीत बसविले गेले. ही काटलेली प्रतच प्रथम कॅसेटच्या रूपाने घराघरांत गेली. आरंभीचे भाग इंग्रजीत न कापता मिळू लागले ते २००५ पासून.

या फेरफारांची हानी केवळ रक्तपात कमी दिसण्यापुरती नव्हती. या कथेत मृत्यूनंतरही वीराची साधना चालू राहते. परलोकात तो नव्या गुरूपाशी शिकतो आणि परत येतो. मृत्यू हा तिच्या रचनेतील सांधा आहे. तो काढला की त्यागाचा प्रसंग निव्वळ स्थलांतराचा होतो. अभिमन्यूवधाऐवजी अभिमन्यू परगावी गेला असे लिहिले, तर द्रोणपर्वाचे काय होईल, याची कल्पना आपल्या वाचकांना सहज करता येईल.

४

शब्दांइतकाच चित्राचाही पाठ असतो. ‘झेड’ मालिका १६ मिलिमीटर फिल्मवर, ४:३ या प्रमाणाच्या चौकटीत चित्रित झाली होती. २००७ पासून अमेरिकेत तिचे जे नवे संच निघाले, त्यांत रुंद पडद्याच्या दूरचित्रवाणी संचांसाठी चित्र १६:९ या प्रमाणात बसविण्यात आले. तेवढीच रुंदी ठेवून जुनी चौकट नव्या प्रमाणात आणायची, तर उंचीचा चौथा हिस्सा कापावा लागतो. या संचांत दोन्ही कडांना पूर्वी न दिसणारी थोडी पट्टी उघड करून ही तूट काहीशी भरून काढली गेली, तरीही चित्राचा बराच भाग गेलाच. युद्धकलेच्या चित्रणात ही हानी विशेष जाणवते. पवित्रा पायांत असतो. तालमीतल्या वस्तादाची नजर प्रथम मल्लाच्या पायांकडे जाते. वरून डोके आणि खालून पाऊल कापले गेले, तर प्रहार दिसतो, पण तो कोठून उगवला ते दिसत नाही.

फिल्मचा नैसर्गिक कण पुसून चित्र ‘स्वच्छ’ करण्याच्या प्रक्रियेतही असेच घडते. यंत्राला कण आणि चित्रकाराची बारीक रेघ यांतला भेद नेहमीच कळतो असे नाही. कणाबरोबर रेघही पुसट होते. उलट २००३ च्या जपानी पेट्यांत मूळ चौकट राखलेली होती. त्याच प्रती २००९ ते २०११ या काळात सात खंडांत अमेरिकेत निघाल्या, आणि अल्पावधीतच दुर्मिळ झाल्या. २०११ च्या अखेरीस तेथे एकेक चित्र हाताने दुरुस्त करून ब्लू-रे तबकड्या काढण्याचा उपक्रम सुरू झाला; तो दोन खंडांनंतर थांबला. चांगली आवृत्ती काढणे खर्चाचे असते, आणि बाजाराला तिची निकड भासतेच असे नाही, हा अनुभव ग्रंथव्यवहारालाही नवा नाही.

जपानमध्ये २००९ साली ‘काई’ या नावाने मालिकेचा संक्षेप प्रसारित होऊ लागला. मूळ मालिका साप्ताहिकातील चित्रकथेच्या मागोमाग चालत असल्याने, कथा पुढे सरकेपर्यंत वेळ काढण्यासाठी तिच्यात पदरचे प्रसंग घालावे लागले होते. ‘काई’ने ते गाळून मालिका चित्रकथेच्या जवळ नेली. प्रक्षेप काढून शुद्ध पाठ सिद्ध करण्याचा हा प्रयत्न, असे वरवर वाटेल. परंतु १९८९ पासून प्रेक्षकांनी पाहिले ते हे प्रसंग धरूनच. प्रसारित मालिका हीही एक स्वतंत्र कृती आहे, आणि तिच्या दृष्टीने ते प्रसंग प्रक्षेप नव्हेत. शिवाय खुद्द ‘काई’चा पाठही स्थिर राहिला नाही. तिच्यासाठी केलेल्या नव्या संगीतातील काही रचना इतरांच्या रचनांशी मिळत्याजुळत्या आढळल्यामुळे २०११ मध्ये त्या जागी किकुचींचे जुने संगीत आणावे लागले.

५

‘सुधारलेली’ प्रत मूळ प्रतीची जागा कशी घेते, याचे मराठीतील ठळक उदाहरण झाशीशीच निगडित आहे. वरसईचे वेदशास्त्रसंपन्न विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये द्रव्यार्जनासाठी उत्तरेस निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. १८५८ च्या वेढ्यात ते झाशीतच होते. ४ एप्रिलच्या रात्री राणी लक्ष्मीबाई किल्ल्याबाहेर पडून भांडेरवरून काल्पीकडे गेली. भांडेर मोठपासून दूर नाही. झाशी आणि काल्पी यांच्या दरम्यानचा हा सारा टापू त्या धावपळीचा साक्षी आहे. गोडसे यांनी आपला वृत्तांत पुढे लिहून काढला. त्यांच्या निधनानंतर भारताचार्य चिंतामणराव वैद्य यांनी तो १९०७ मध्ये ‘माझा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध केला. मात्र तसे करताना त्यांनी मूळची भाषा सुधारली आणि काही मजकूर वगळला. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांनी काढली ती १९६६ मध्ये. म्हणजे ५९ वर्षे मराठी वाचक वैद्यांचाच पाठ गोडसे यांचा म्हणून वाचीत होते.

वैद्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांच्यामुळेच हा ग्रंथ उजेडात आला, हे त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे; त्याचप्रमाणे अमेरिकन आवृत्तीमुळे ‘ड्रॅगन बॉल’ अनेक नव्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचले, हेही खरे. तथापि एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. गोडसे यांचे हस्तलिखित जतन झाले होते, म्हणून पोतदारांना मूळाकडे परतता आले. मूळच राहिले नसते, तर सुधारलेली प्रत हीच कायमची साक्ष ठरली असती.

योगायोग असा की, त्याच १९६६ मध्ये पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती पूर्ण केली. १९१९ मध्ये आरंभिलेल्या या कार्याला डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर यांनी जी शिस्त लावून दिली, तिचे सार असे की, मुख्य पाठातून जे वगळावयाचे ते नष्ट करावयाचे नाही. ते तळटीपांत वा परिशिष्टांत नोंदवावयाचे, म्हणजे संपादकाचा निर्णय वाचकाला तपासून पाहता येतो. घरगुती व्हिडिओ-आवृत्तीला हे तत्त्व सहज लागू पडते. एकाच तबकडीवर मूळ जपानी ध्वनी, भाषांतरित ध्वनी आणि उपशीर्षके देता येतात, आणि ‘झेड’च्या नंतरच्या संचांत ती दिलीही गेली. हा एक प्रकारचा पाठचिकित्सेचा उपस्करच होय. चित्राच्या बाबतीत मात्र ही सोय नाही. कापलेली चौकट तबकडीवर कोठेही तळटीप होऊन राहत नाही.

६

यातून अभ्यासकाने दोन गोष्टी घ्याव्यात, असे वाटते. दृक्-श्राव्य कृतीवर लिहिताना केवळ तिचे नाव आणि प्रथम प्रसारणाचे वर्ष देणे पुरेसे नाही. कोणत्या वर्षीची, कोणत्या भाषेची, कोणत्या चौकटीची आवृत्ती पाहिली, हे सांगितले पाहिजे. वैद्यांच्या प्रतीवरून गोडसे यांच्या भाषाशैलीविषयी निष्कर्ष काढणे जसे धोक्याचे, तसेच ५३ भागांच्या प्रतीवरून या कथेतील मृत्युकल्पनेविषयी लिहिणे धोक्याचे आहे.

दुसरी गोष्ट आपल्या घरची आहे. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची जी रिळे आज उपलब्ध आहेत, ती १९१३ ची की १९१७ च्या पुनर्निर्मितीची, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. ज्या कृतीपासून आपण भारतीय चित्रपटाचा इतिहास मोजतो, तिचीच ही कथा आहे. जपानी मालिकेची मूळ फिल्म राखली गेली, म्हणून २००३ मध्ये तिच्याकडे परतता आले. मराठी नाटकांच्या व लोककलांच्या ज्या चित्रफिती आज कपाटांत पडून आहेत, त्यांना हे भाग्य आपोआप लाभणार नाही. फितीवरचे चुंबकी लेखन तर काळाबरोबर विरतच जाते. त्यांची संगणकीय प्रत करताना कडा कापू नयेत, आवाज ‘सुधारू’ नये, आणि प्रत झाली म्हणून मूळ फीत टाकून देऊ नये. सुधारणा पुढची पिढीही करू शकेल. त्यासाठी तिच्या हाती मूळ मात्र असावयास हवे.