एकत्र दिसले म्हणजे सोबती?

ऑक्सफर्डजवळच्या वायथमच्या जंगलात संशोधकांनी काही ग्रेट टिट पक्ष्यांना एक युक्ती शिकवली : पेटीचे दार चोचीने सरकवायचे, की आत अळी मिळते. एका भागातल्यांना डावीकडे सरकवायला शिकवले, दुसऱ्या भागातल्यांना उजवीकडे. सोडून दिल्यावर त्यांचे पाहून बाकीचे शिकले आणि त्या-त्या भागात तीच बाजू रूढ झाली. लूसी अॅप्लिन व सहकाऱ्यांचा हा प्रयोग २०१५ साली ‘नेचर’मध्ये आला. युक्ती सोबत्यांकडून सोबत्यांकडे गेली, असे त्यात दिसले. पण कोण कोणाचा सोबती, हे ठरवले कसे?

पक्ष्यांच्या पायात चिप असते. दाणे टिपायला कोण, कधी आला याची नोंद आपोआप होते. एकाच थव्यात आलेले सगळे एकमेकांच्या सोबतीने आले असे धरतात. मग प्रत्येक जोडीचा निर्देशांक काढतात : दोघांपैकी कोणीही दिसले अशा ३० वेळा असतील आणि त्यांतल्या १० वेळा दोघे एकत्र, तर ०.३३.

खरी अडचण इथून पुढे. निर्देशांक मोठा आला म्हणून दोघे सोबती ठरत नाहीत; त्यांची भुकेची वेळ जुळत असेल, एवढेच! म्हणून १९९८ साली लार्स बेजडर आणि सहकाऱ्यांनी सुचवलेली पद्धत रुळली. दोन थव्यांतल्या एकेका पक्ष्याची अदलाबदल करायची. थव्याचा आकार आणि प्रत्येकाच्या नोंदींची संख्या मात्र बदलू द्यायची नाही. असे हजारो वेळा पिसूनही प्रत्यक्षातल्याइतक्या घट्ट जोड्या जमल्या नाहीत, तर पक्षी सोबत निवडतात असे म्हणता येते.

मला ही पद्धत फार देखणी वाटते. म्हणूनच तिचा गैरवापर सलतो. माद्यांची नाती नरांपेक्षा जास्त आहेत का, असल्या प्रश्नांनाही ती सर्रास लावली गेली. पिसण्याने तर सगळीच निवड पुसली जाते. मग नर-मादीत काही फरक नसला, तरी चाचणी ‘फरक आहे’ म्हणू शकते. २०२१ साली वाइस आणि सहकाऱ्यांनी हे सिम्युलेशनने दाखवून दिले.

शिवाय दोन नोंदींत एकदा एकत्र किंवा शंभरांत पन्नासदा, निर्देशांक ०.५च. भरवसा मात्र सारखा नाही. नवी बेजियन मॉडेले प्रत्येक नात्याची ही अनिश्चितताही हिशेबात धरतात. वायथमच्या भरघोस नोंदी हाताशी असलेल्यांपेक्षा समुद्रात क्वचित दिसणाऱ्या डॉल्फिनच्या अभ्यासकांना त्यांची गरज अधिक आहे.