आवाज वाढवण्याआधी मोजावा

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्गाला पुणे रस्ता येऊन मिळतो. गर्दीत गाड्या खोळंबल्या, की काचा बंद असूनही कुणाच्या तरी डिकीतला वूफर शेजारच्या रिक्षावाल्याच्या छातीत घुमतो. असे आवाज मोठे असतात, चांगले असतातच असं नाही. फाटलेला बास, कान किटवणारा ट्वीटर, खड्डा आला की गप्प होणारा डाव्या दरवाजाचा स्पीकर! मालक वैतागतो आणि थेट नवा स्पीकर आणतो. दोष नेमका कुठे आहे, हे सांगू शकणारं काही शे रुपयांचं यंत्र त्याच दुकानाच्या खणात पडलेलं असतं: मल्टीमीटर.

नाशिकला हे यंत्र परकं नाही. द्वारकेहून पुणे रस्त्याने निघालं, की नाशिकरोड लागतं. मल्टीमीटर बनवणारी मोटवाने कंपनी तिथेच आहे. ग्यानचंद मोटवाने यांनी १९०९ मध्ये सिंधमध्ये सुरू केलेला हा व्यवसाय पुढे मुंबईत आला. ‘शिकागो रेडिओ’ या नावाने त्यांचे लाउडस्पीकर स्वातंत्र्यचळवळीतल्या काँग्रेसच्या सभांमधून वाजले. १९४२ च्या भूमिगत काँग्रेस रेडिओला साहाय्य केल्याबद्दल याच घराण्यातल्या नानक मोटवाने यांना अटकही झाली. सभांना कर्णे पुरवणाऱ्या याच घराण्याचे काट्याचे मल्टीमीटर पुढे तांत्रिक शिक्षणाच्या प्रयोगशाळांमध्ये दिसू लागले.

स्पीकर तपासायचा तर आधी त्याच्या दोन्ही वायरी सोडवायच्या. जोडलेल्या अवस्थेत मोजलं तर आकडा भलताच येतो आणि ॲम्प्लिफायर चालू असेल तर मीटरही जायची भीती. मीटर ओहमवर ठेवून त्याच्या दोन पिना एकमेकींना टेकवल्या, की ०.३ किंवा ०.४ असं काहीतरी दिसतं. तो पिनांच्या वायरींचाच रोध. नंतरच्या आकड्यातून तो वजा करायचा.

आता खरी गंमत. खोक्यावर ४ ओहम छापलेलं असतं आणि मीटर दाखवतो साधारण ३.२ ते ३.८. माल डुप्लिकेट निघाला म्हणून गिऱ्हाईक इथेच भांडायला उठतं. भांडण व्यर्थ आहे. ४ ओहम हा वाजत्या स्पीकरचा, बदलत्या प्रवाहाला होणारा विरोध. तोही स्वरागणिक बदलतो. मीटर मात्र आपल्या बॅटरीचा एकाच दिशेचा प्रवाह सोडून नुसत्या कॉइलच्या तारेचा रोध मोजतो, म्हणून आकडा थोडा कमीच यायचा. मीटरवर ‘ओएल’ किंवा कडेला एकटा १ दिसला, तर कॉइल तुटली आहे. आकडा शून्याजवळ आला, तर ती शॉर्ट आहे. असा स्पीकर जोडला की ॲम्प ‘प्रोटेक्ट’चा दिवा लावून बसतो.

स्पीकर ठीक निघाला, तर संशय वायरीवर. दरवाजाच्या बिजागरीपाशी रबरी नळीतून जाणारी वायर प्रत्येक उघडझापीला वाकते आणि आतल्या आत तुटते. स्पीकर जोडलेलाच ठेवून वायरीचं ॲम्पकडचं टोक सोडवायचं, त्याला मीटर लावायचा आणि दरवाजा सावकाश हलवायचा. आकडा उड्या मारू लागला, की चोर सापडला. कोन फाटला असेल किंवा कॉइल घासत असेल, तर मात्र मीटर गप्पच राहतो. तिथे बोटांनी कोन हलकेच दाबून खरखर ऐकणं हाच उपाय.

सर्वांत जास्त नुकसान होतं ते ‘गेन’च्या बटणाने. गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे. डेककडून, म्हणजे डॅशबोर्डवरच्या म्युझिक सिस्टिमकडून, येणारा सिग्नल आणि ॲम्पची ताकद यांचा मेळ घालण्यासाठी ते असतं. अनेक जण ते शेवटपर्यंत पिळून ठेवतात. मग ॲम्प झेपेल त्यापलीकडे ढकलला जातो, लहरींचे माथे सपाट कापले जातात आणि कॉइल तापून जळते.

गेन नेमका किती ठेवायचा, म्हणजे ॲम्पमधून किती व्होल्ट निघू द्यायचे, हा हिशेब शाळेतल्या गणिताचा आहे: वॅटला ओहमने गुणायचं आणि वर्गमूळ काढायचं. १०० वॅट आणि ४ ओहम म्हणजे ४००. वर्गमूळ २०, म्हणजे २० व्होल्ट. ७५ वॅटला १७.३ येतात. ५०० वॅटचा ॲम्प २ ओहमच्या वूफरवर असेल, तर ३१.६. वॅट मात्र आरएमएस, म्हणजे सलग झेपणारे, धरायचे, तेही ॲम्प आणि स्पीकर यांतले ज्याचे कमी असतील त्याचे. खोक्यावरचे ठळक ‘मॅक्स’ किंवा ‘पीएमपीओ’ वॅट ही जाहिरातीची भाषा.

मग इंजिन चालू करून, स्पीकर सोडवून, बास बूस्ट आणि इक्वलायझर बंद ठेवून डेकचा आवाज पाऊण भाग वर न्यायचा. वूफरसाठी ५० हर्ट्झचा साइन टोन लावायचा, मीटर एसी व्होल्टवर ठेवून पिना ॲम्पच्या आउटपुटला धरायच्या आणि ठरलेला आकडा येईपर्यंत गेन हळूहळू फिरवायचा. ५० हर्ट्झ सोयीचे, कारण घरची वीजही तेवढ्याच वारंवारतेची आणि साधा मीटरही तिथे नीट मोजतो. पण दरवाजाच्या स्पीकरसाठी १००० हर्ट्झ लावले, तर स्वस्त मीटर चुकू शकतो. अशा अनेक मीटरांची हमी ४०० हर्ट्झपर्यंतचीच असते.

मीटर फक्त व्होल्ट सांगतो, लहरीचा आकार नाही. डेकच आवाज फाडत असेल, तरी तो निमूट २० दाखवील. लहरीचा आकार पाहायला ऑसिलोस्कोप लागतो आणि तो लहान दुकानात सहसा नसतो.

ॲम्पला येणारी वीजही याच मीटरने, डीसी व्होल्टवर, तपासता येते. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. स्पीकर पुन्हा जोडून मोठ्याने वाजवताना ॲम्पच्या टोकांवर ते १२ च्या खाली गेले, तर आधी वायर आणि अर्थिंग पाहावं. स्वस्त किटमधली वायर बरेचदा तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असते आणि तेवढ्याच जाडीच्या तांब्यापेक्षा तिचा रोध जास्त असतो.

तेव्हा गाडीत ॲम्प बसवून घ्याल, त्या दिवशी पैसे देण्यापूर्वी फिटरला सांगा, “भाऊ, गेन मीटर लावून सेट करा.” आणि आलेले व्होल्ट बिलावर लिहून घ्या.