ट्यूब उलटी करून वाचा
उन्हाळा लागला की अकोल्यात माझ्या मेडिकलच्या काउंटरवर सनस्क्रीनची मागणी वाढते, आणि दहातल्या नऊ जणी विचारतात, "ताई, पन्नासवाली आहे का?" पन्नास म्हणजे एसपीएफ. ज्यांना कुठलंही क्रीम सोसतं, त्यांचं एवढ्यावर भागतं. पण साबण बदलला तरी जिचा चेहरा लाल होतो, तिला तो आकडा फारसं काही सांगत नाही. नीट लावलं तर ३० एसपीएफचं क्रीम त्वचा भाजणारे यूव्हीबी किरण सुमारे ९७ टक्के अडवतं आणि ५० चं ९८ टक्के. या एका टक्क्यासाठी क्रीममध्ये फिल्टर, म्हणजे ऊन अडवणारे घटक, जास्त घालावे लागतात, आणि नाजूक त्वचेला त्रास झालाच तर तो त्यांच्यापासूनही होऊ शकतो. म्हणून मी सांगते, ट्यूब उलटी करा. कामाचा मजकूर मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरांत असतो.

वाचण्याआधी एक मात्र ठरवायला हवं: झालं ते नक्की काय? क्रीम लावल्यावर लगेच चुणचुणलं, डोळ्यांत गेल्यावर आग झाली आणि धुतल्यावर थांबलं, तर बहुधा तो नुसता दाह. आज लावलं आणि उद्या-परवा खाज सुटून बारीक पुरळ उठलं, तर ॲलर्जीची शंका घ्यायची. दाह होत असेल तर क्रीम बदलून चालतं. ॲलर्जी असेल तर तो घटकच शोधून कायमचा टाळावा लागतो, कारण तोच घटक दुसऱ्या कंपनीच्या ट्यूबमध्येही भेटतो.

माझा पहिला संशय सुगंधावर असतो. यादीत 'परफ्यूम', 'पार्फम' किंवा 'फ्रेग्रन्स' दिसलं की नाजूक त्वचेसाठी ती ट्यूब मी बाजूला ठेवते. 'नॅचरल' म्हणून विकल्या जाणाऱ्या क्रीममध्ये संत्र्याची, लॅव्हेंडरची तेलं असतात. त्यांतले लिमोनिन आणि लिनालूल हवेशी संयोग होऊन जुने झाले की ॲलर्जी करतात. झाडापासून आलं म्हणून त्वचेला ते कमी लागत नाही. त्यानंतर मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे लांबलचक नाव शोधा. क्रीम टिकावं म्हणून ते घालतात. अमेरिकेतल्या त्वचा-ॲलर्जी तज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ साली त्याला 'वर्षाचा ॲलर्जन' ठरवलं होतं, आणि धुऊन न टाकायच्या प्रसाधनांत युरोपात २०१७ पासून त्याला बंदी आहे. 'अल्कोहोल डिनॅट' यादीत वरच असेल तर चुणचुणण्याची शक्यता जास्त. 'सेटिल अल्कोहोल' मात्र वेगळं, ते मेणासारखं असतं आणि बहुतेकांना सोसतं. पुढच्या बाजूच्या 'हायपोॲलर्जेनिक' शब्दावर विसंबू नका. अमेरिकेच्या औषध नियामकांकडे, म्हणजे एफडीएकडेसुद्धा, त्याची ठरलेली व्याख्या नाही.

आता प्रत्यक्ष ऊन अडवणारे घटक. ऑक्सिबेन्झोन ज्या बेन्झोफिनोन गटातला, तो गट २०१४ सालचा 'वर्षाचा ॲलर्जन' होता. नाजूक त्वचेने त्याच्या वाटेला जाऊच नये. ऑक्टोक्रिलिनची गोष्ट जरा तपशिलात सांगते, कारण ती आमच्या काउंटरवरूनच सुरू होते.

पोलीस भरतीसाठी रोज सकाळी मैदानावर धावणारी एक मुलगी आमच्याकडे येते. नवीन सनस्क्रीनने तिचा चेहरा खाजून सुजला होता, तशी ती ट्यूब हातात घेऊनच आली. मी विचारलं, "याआधी कधी असं झालं होतं का गं?" म्हणाली, "चेहऱ्याला नाही ताई, गुडघ्याला. दुखण्यावरचं जेल लावून धावले, तर चट्टाच उठला." जेल होतं किटोप्रोफेनचं, आणि सनस्क्रीनच्या यादीत ऑक्टोक्रिलिन. या दोघांचं जुनं नातं आहे. किटोप्रोफेन लावलेल्या जागी ऊन पडलं की काहींना ॲलर्जी होते, आणि अशा लोकांची त्वचा पुढे ऑक्टोक्रिलिनवरही उसळू शकते. २०१० साली युरोपच्या औषध नियामकांनी या जेलचा आढावा घेतला आणि ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यावं, वापरताना आणि नंतर दोन आठवडे ती जागा उन्हापासून झाकावी, असं सांगितलं. मी तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं. अशा वेळी फोटोपॅच चाचणी करतात. पाठीवर एकाच घटकाच्या पट्ट्या दोन जागी लावतात आणि एकाच बाजूवर यूव्हीए किरण सोडतात. फक्त किरण पडलेली बाजू उठली, तर घटक आणि ऊन मिळून ॲलर्जी झाली असं कळतं. घरी कोपराच्या आत क्रीम लावून, वर बाही ओढून, अशी ॲलर्जी सापडणार नाही.

मग लावायचं काय? माझं उत्तर बहुतेक वेळा झिंक ऑक्साइड. घामोळ्यांवर लावतो त्या कॅलामाइन लोशनमध्ये हेच असतं, आणि बाळाच्या लंगोटाच्या पुरळावरच्या क्रीममध्येही. ते त्वचेत मुरत नाही, त्याची ॲलर्जी फारच क्वचित होते, आणि यूव्हीए-यूव्हीबी दोन्ही अडवतं. यूव्हीए खिडकीच्या काचेतूनही आत येतात, म्हणून हे महत्त्वाचं. सोबत टायटॅनियम डायऑक्साइड असेल तरी हरकत नाही. २०१९ मध्ये एफडीएने आपल्या प्रस्तावात सुरक्षित आणि परिणामकारक म्हणून हे दोनच घटक धरले आणि ऑक्सिबेन्झोनसारख्या बारा घटकांबद्दल आणखी माहिती मागवली. माहिती मागवली याचा अर्थ ते घातक ठरले असा होत नाही. घाबरून सनस्क्रीनच सोडणं जास्त नुकसानीचं.

झिंकची अडचण एकच. आपल्या सावळ्या चेहऱ्यावर ते पांढरट, राखाडी दिसतं, आणि मुली तेवढ्यासाठी ट्यूब परत करतात. त्यांना मी 'टिंटेड' दाखवते. त्यात आयर्न ऑक्साइड असतं, कॅलामाइनला गुलाबी रंग देणारं तेच. वांग असलेल्या बायकांना त्याचा दुहेरी फायदा, कारण वांग डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतो आणि साध्या सनस्क्रीनने तो प्रकाश फारसा अडत नाही, आयर्न ऑक्साइडने अडतो.

नवं क्रीम आणलं की आठवडा-दहा दिवस दिवसातून दोनदा, कानामागे मानेच्या उघड्या बाजूला, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर लावा, आणि ती जागा रोजच्या उन्हात येऊ द्या. निभावलं तर चेहऱ्यावर घ्या, पण मग कंजूषी नको. एसपीएफ मोजताना दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावतात. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीभर क्रीम लागतं. त्रासाच्या भीतीने निम्मं लावलं तर पन्नासचं संरक्षण पन्नास राहत नाही.

काहींना झिंकही सोसत नाही, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तर एरवीही सनस्क्रीन लावत नाहीत. त्यांच्यासाठी सावली आणि कापड. आमच्याकडे स्कूटीवरच्या मुली डोळे तेवढे उघडे ठेवून दुपट्टा बांधतात, ती पद्धत चांगलीच आहे. फक्त दुपट्टा उजेडाकडे धरून पाहा. आरपार दिसत असेल तर किरणही आरपार जातात. घट्ट विणीचा आणि गडद रंगाचा घ्या, घामाने भिजला की बदला, आणि तो सुगंधी फॅब्रिक कंडिशनरमध्ये बुडवू नका, नाहीतर ट्यूबमधून टाळलेला सुगंध कापडातून दिवसभर गालाला लागत राहील.